हिरव्या खोळीतले आरसे

माझा मेव्हणा हा महाड-पोलादपूर पट्ट्यातला एकच मोटारवाला असा, की ज्यानं उभ्या जन्मात कुणाला मागं टाकलं नाही आणि मागून कोण येतंय याचीही कधी फिकीर केली नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. जसं आठवेल तसं लिहितो. आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे, संध्याकाळच्या वेळी माझ्या पोलादपूरच्या अंगणात त्याच्या मोटारीच्या दोन आरशांना खोळी चढवल्या. नाडी बांधत होती माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण. तो बाजूला उभा राहून "ताय, हळू गो, काच हाय" म्हणत होता, आणि मी चहा निवतोय म्हणून दोघांवर करवादत होतो. आरशाला खोळ कशाला, हे समजायचं तर आधी हा माणूस समजला पाहिजे.

मुंबईत एका शेठची मोटार त्यानं वीस वर्षं चालवली. शेठनं नवी घेतली आणि जुनी ह्याला देऊन टाकली. काळी, लांब नाकाची, बाजूला पाय ठेवायला फळी असलेली. तिला घेऊन तो गावाकडं आला आणि महाडात राहून भाड्यानं फिरवू लागला. मोटारीत चढताना माणसानं चपला काढायच्या, हा त्याचा पहिला कायदा. चपला बाहेरच्या फळीवर ओळीनं मांडायच्या. एकदा महाडहून आम्ही चौघे असे बसलो आणि पोलादपूरला उतरलो तेव्हा चौघांत मिळून तीन चपला उरल्या होत्या, त्यातली एक आमची नव्हतीच. जनावराला भोंगा वाजवायचा नाही, हा दुसरा कायदा. रस्त्यात म्हैस बसली की हा खाली उतरायचा, तिच्या पाठीवर हात ठेवून "चल बाय, ऊठ" म्हणायचा आणि ती उठेपर्यंत बिडी ओढायचा. म्हशीला त्याची सवय झाली होती, मला कधी झाली नाही.

पण खरी अडचण त्याच्या कानाची. उजवा कान लहानपणी गोवरात गेला, आणि मोटारीत नेमका तोच कान रस्त्याकडं. मागून ट्रकवाल्यानं भोंगा वाजवून जीव दिला तरी ह्याला पत्ता नसायचा. त्यावर त्यानं तोड काढली होती. एका माणसानं मागच्या बैठकीवर गुडघे टेकून, तोंड मागच्या काचेकडं करून बसायचं आणि "ट्रक हाय", "यष्टी हाय", "कोण नाय" असं ओरडायचं. दोनदा हे काम माझ्याकडं आलं. उलट्या तोंडानं वळणं घेतली की पोटातलं सगळं वर येतं. मी त्याला म्हटलं, "अरे, मी जावई हाय तुमच्या घरचा." तो म्हणाला, "म्हनून तर भरोसा ठेवला, भावजी."

त्याच्या मनात एकच होतं. दिवाळीला ताईला आपल्या मोटारीतून वरंधला माहेरी न्यायची. आई थकलेली, बाप नाही, ह्याला ताईनंच काखेला मारून वाढवलेला. मुंबईहून मोटार आणली तीच मुळी त्यासाठी. आणि ही बया बसायला तयार नाही. "दोनी बाजूला आरसे लाव, मग बसते," म्हणाली. "मागचं ऐकू येत नाय त्याला मागचं दिसाया तरी पायजे. मला मरायची घाई नाय." दोन दिवाळ्या ती यष्टीनं गेली, आणि हा रिकामी मोटार घेऊन तिच्या यष्टीच्या मागून वरंधपर्यंत गेला. रागावला नाही. नुसता जेवला नाही.

मग सुरू झाली आरशांची निवड, ती पुढच्या दिवाळीपर्यंत चालली. आधी महाडच्या बाजारात न्हाव्याच्या दुकानासमोर मोटार उभी करून त्याचा आरसा मागून घेतला. मी तो पुढच्या मडगार्डवर धरून उभा, हा आत बसून सांगतोय, "भावजी, वर घ्या. आता खाली. जरा तुमच्याकडं कलवा." तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ आला, माझ्यासमोर थांबून त्यानं भांग पाडला, मिशी चाचपली आणि निघून गेला. न्हावी दुकानातून म्हणाला, "दाढीचं पाणी पण ठेवा की शेजारी." मी आरसा तिथंच ठेवून घरी आलो.

नंतर तो मुंबईला जाऊन जुन्या सामानाच्या बाजारात चार दिवस हिंडला. पहिल्या खेपेला एक गोल आणि एक चौकोनी आणला, आणि परत घेऊन गेला. का, तर "बाईच्या एका कानात कुडी आनि एकात बुगडी, बरं दिसंल काय?" दुसऱ्या खेपेला जोडी आणली, पण काच फुगीर. दुकानदारानं सांगितलेलं, हिच्यात जास्त रस्ता दिसतो. ह्यानं एकदा बघून पुन्हा कागदात बांधली. "हिच्यात एवढा मोठा ट्रक बोकडाएवढा दिसतो," म्हणाला. "बोकडाला कोन वाट देतं?" तिसऱ्या खेपेला गोल, सपाट, निकलच्या दांड्याची जोडी आली. ती त्यानं ताईच्या पुढ्यात परातीत ठेवली. तिनं वाकून दोन्हींत तोंड बघितलं आणि म्हणाली, "लाव."

पण लावायचे तर मडगार्डला भोकं पाडायला हवीत. शेठच्या वेळेपासून तिला ओरखडा नव्हता. सुताराचा सामता, म्हणजे भोकं पाडायचं गिरमिट, आणला, तर ह्यानं आधी सुताराला हात धुवायला लावले. दोरीनं दिव्यापासून अंतर मी मापलं, सात वेळा, कारण सहा वेळा त्याला पटलं नाही. सामता फिरायला लागला तसा हा पाठ करून उभा राहिला आणि चांगला कान तेवढा बोटानं बंद केला. जुन्या ट्यूबचे वायसर घालून आरसे बसले. बायकोनं दोन्ही काचांना हळदीकुंकू लावलं. त्या पुसायला ह्याचं मन होईना. शेवटी मीच धोतराच्या सोग्यानं पुसल्या.

दुसऱ्या दिवशी एक दयाळ पक्षी आला आणि आरशातल्या दयाळाशी भांडायला लागला. टोच्या मारून काच घाण, मडगार्ड त्याहून घाण. मेव्हणा त्याची समजूत काढायला गेला, पण पाखरू म्हशीएवढं समजूतदार नव्हतं. तेव्हा बायकोनं आपलं जुनं हिरवं लुगडं फाडून दोन खोळी शिवल्या, नाडी घालून.

आणि दिवाळीला ती एकदाची बसली. चपला पायातच ठेवून. ह्यानं नुसतं दार लावून घेतलं. गोवा पोर्तुगीजांकडून सुटल्यापासून त्या रस्त्यावर ट्रकांची रहदारी फार, पण हा खुशीत. मधूनमधून आरशाकडं बघून म्हणत होता, "बघतीस ना ताय? मागं एक गाडी नाय. नुसतं हिरवं रान दिसतंय, काय काच हाय." मी पुढं बसून डुलक्या घेत होतो. महाडला मोटार उभी राहिली तर मागं ट्रकांची ही रांग, लग्नाच्या वरातीसारखी. आणि आरशांवर खोळी तशाच.

मेव्हण्याचं तोंड उतरलं. मी बोलणार होतो, भरपूर बोलणार होतो, पण मागं वळून बघतो तर बायको बैठकीवर गुडघे टेकून, तोंड मागं करून बसलेली. निघाल्यापासून ती खिडकीतून हात काढून ट्रकवाल्यांना थांब, जा करत आली होती.

"तुला दिसत होतं?" मी विचारलं.

"मला डोळे हायत," ती म्हणाली. "एवढा खूश होता. सांगून काय करू?"

त्यानंतर वरंधच्या फेऱ्या झाल्या, सहा-सात असतील. नाडीची गाठ ती अशी मारायची की तिच्याशिवाय कुणाला सुटत नसे. निघताना हा मोटारीजवळ उभा राहून हाक मारायचा, आणि ती पिठाच्या हातानं येऊन सोडायची.

सुरुवातीला सांगितली त्या संध्याकाळी तिनं बांधली ती शेवटची. पहाटे छातीत दुखतंय म्हणाली आणि गेली. दुपारपर्यंत आम्ही सगळं उरकलं. वरंधला तिच्या म्हाताऱ्या आईला कळवलं नव्हतं, तिला कोणी सांगायचं हे ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा उठला, अंगणात गेला आणि मोटारीत बसला. मी बाहेर आलो. आरशांवर खोळी, गाठी तशाच. मी हात पुढं केला तर आतून म्हणाला, "असू देत, भावजी. गाठ तिची हाय. वरंधला जातो, आयेला मीच सांगतो."

सुतकात घर सोडू नये, असं भावकीतला एकजण म्हणाला. मी ऐकलं नाही. मागचं दार उघडलं, चपला काढून फळीवर ठेवल्या, बैठकीवर गुडघे टेकले आणि तोंड मागच्या काचेकडं केलं. गुडघे दुखत होते. काचेतून माझं अंगण दिसत होतं, तुळस, काल मांडलेली लोकांची बाकडी.

"भावजी?" तो म्हणाला.

"कोण नाय," मी म्हटलं. "चल."