अर्थ नसलेला दिवा

वडिलांच्या जुन्या मोटरसायकलचा पुढचा दिवा आठवडाभर लुकलुकत होता. खड्डा आला की विझायचा, पुढच्या खड्ड्यात आपोआप लागायचा. त्या आठवड्यात सातपूरच्या कारखान्यात त्यांची दुसरी पाळी होती. दुपारी तीनला आत जायचं आणि काळोखात घरी यायचं. त्र्यंबक रस्ता सोडला की आमच्या घरापर्यंत दिव्याचा एकही खांब नाही. एका रात्री घराजवळच्या वळणावर समोरच्या पिकअपला ते दिसलेच नाहीत. गाडी कडेच्या मातीत घातली म्हणून वाचले. आईला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मला पँटचा फाटलेला गुडघा दिसला आणि मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी दाखवू गॅरेजला. रस्ता पाठ हाय मला."

रस्ता त्यांना पाठ होता. पिकअपवाल्याला ते कुठे पाठ होते?

मी नुकतीच बी.ए. झाले होते, अर्थशास्त्र घेऊन. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ती पायरी वडिलांच्या पाळ्यांवर उभी होती, आणि तीन वर्षं रोज सकाळी याच गाडीवरून त्यांनी मला बसथांब्यावर सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते झोपले होते तेव्हा मी ठरवलं, अडीच वाजता ते निघण्याआधी दिवा नीट करायचा.

चार स्क्रू काढले, काच पुढे आली. बल्ब शाबूत होता. मोडला होता तो होल्डर. मागून दाबून फिरवला की बल्बला धरून ठेवतो, तो. त्याला तीन छोटे कान होते, त्यातला एक तुटलेला. मी घट्ट बसावा म्हणून जोर केला आणि दुसराही कान टचकन तुटून हातात आला. आतापर्यंत दिवा निदान लुकलुकत तरी होता. मी तो पुरता घालवला.

साडेअकरा वाजले होते. रस्त्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, या मॉडेलचा नुसता होल्डर येत नाही, अख्खा हेडलाइट घ्या, तोही मागवावा लागेल, दोन दिवस. माझ्याकडे तर तीनच तास होते. घरी येऊन होल्डरभोवती चिकटपट्टी गुंडाळली. इंजिन चालू करून दिवा लावला, तर पाचच मिनिटांत ती तापून वास सुटला. मग वरून बारीक तार ओढली आणि पकडीने पीळ दिला. लहानपणी सुट्टीत द्राक्षबागेत मांडवाच्या तारा ताणताना पाहिलं होतं, तसा. बल्ब हलेना. पण दिवा लावला तर बल्बच्या आतली तार नुसती निखाऱ्यासारखी लाल झाली, उजेड पडेना.

आईने दोनदा विचारलं, जेवणार आहेस का. मी घड्याळाकडे पाहून नाही म्हणाले. एक वाजून दहा मिनिटं. वडील उठायच्या आत गाडी घेऊन निघाले आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या गॅरेजला पोचले.

गॅरेजवाले वडिलांच्याच वयाचे होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दिवा उघडला, माझी पट्टी पाहिली, तार पाहिली, आणि शांतपणे म्हणाले, "ह्याला अर्थ नाय ताई."

मला ते फार लागलं. सकाळपासूनची धडपड त्यांनी एका वाक्यात निकालात काढली असं वाटलं. मी स्टँड काढला आणि गाडी वळवू लागले.

"अवो, कुठं चालल्या?"

"तुम्हीच म्हणालात ना, अर्थ नाही म्हणून."

ते इतके हसले की चष्मा नाकावर आला. त्यांनी काळ्या वायरचं टोक माझ्यापुढे धरलं. हा अर्थ, म्हणाले, अर्थिंगमधला, वीज बल्बातून गेल्यावर गाडीच्या लोखंडात परत जाते ना, ती वाट. पत्र्याला गंज होता, आणि उरलीसुरली वाट मी पट्टी गुंडाळून बंद केली होती. पट्टी सोलता सोलता त्यांनी विचारलं, शिकता काय?

"अर्थशास्त्र," मी म्हणाले. लपवण्यात काही राम नव्हता.

"मग बरोबर हाय. तुमचा अर्थ पुस्तकात, आमचा चासीला."

त्यांनी होल्डरची कड कानशीने घासली, गंज काढला, भंगारातल्या वायरचा तुकडा कापून एक टोक डाख देऊन होल्डरला जोडलं आणि दुसरं चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, बोल्टखाली दाबलं. माझी तार मात्र पुन्हा तशीच आवळली. "बांधणी चांगली हाय," एवढंच म्हणाले. चहापुरते पैसे घेतले. दिवा लावला आणि समोरच्या भिंतीवर पांढरा गोल उमटला.

घरी पोचले तेव्हा वडील डबा घेऊन दारात उभे होते. मी सगळं सांगितलं, कान तोडल्याचं, अर्थाचंही. ते गालात हसले. "तीन वर्षं शिकून अर्थ मिळाला शेवटी," म्हणाले. पण माझा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. भिंतीसमोर उभ्या गाडीचा दिवा लागणं वेगळं आणि खड्ड्यांतून टिकणं वेगळं. मी म्हणाले, "आत्तापासूनच चालू ठेवा. बंद पडायचा तर उजेडात पडू दे. पडला तर येताना कुणाच्या तरी गाडीवर या."

"लोक हसतील पोरी. भर उन्हात दिवा?"

"हसू दे."

त्यांनी बटण दाबलं आणि निघाले. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. दिवा पुढच्या अंगाला, मला दिसत होती त्यांची पाठ आणि डब्याची पिशवी. गाडी पहिल्या खड्ड्यात आदळली, दुसऱ्यात आदळली. दिवा राहिला की गेला, कळायला मार्ग नव्हता. इतक्यात वळणावरून एक स्कूटरवाला आला. वडिलांकडे बघून त्याने हात वर केला आणि बोटं उघडमीट केली, दिवसा दिवा चुकून चालू राहिलाय हे सांगायला करतात तशी. वडिलांनीही हात हलवला. तो गेला, आणि त्याच्या मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचीही बोटं उघडमीट झाली.