गिलाव्याखालचा गोठा

लोक कोकणात समुद्र बघायला जातात. माझ्या नवऱ्याने, सुहासने, या जानेवारीत जाहीर केलं की आपण गोठे बघायला जायचं. तो आर्किटेक्ट आहे. आठवडाभर ठाण्यात टॉवरच्या पार्किंगचे नकाशे काढतो आणि रविवारी जुन्या दगडी गोठ्यांचे फोटो बघून उसासे टाकतो. मी पिशवीत डासांचं मलम टाकलं आणि निघाले.

पहाटे निघालात तर पेणपर्यंत रस्ता बरा आहे. तिथल्या रामवाडीला मिसळ खाल्ली, चहासकट दोघांचं दोनशेच्या आत भागलं. पापड घ्यायचे तर जातानाच घ्या, परतताना जीव उरत नाही. पेणबाहेर एका नव्या बंगल्यांच्या स्कीमला काळ्या दगडाची भलीमोठी कमान दिसली म्हणून थांबलो. वॉचमन कौतुकाने म्हणाला, "जुन्या गोठ्यांचा दगड हाय साहेब, ओरिजिनल." कमानीवर 'हेरिटेज' असं लिहिलेलं होतं. म्हणजे गोठा जागेवर असला की अडगळ, आणि उचलून बंगल्यापुढे लावला की वारसा! सुहास उसासे टाकत गाडीत बसला. ते उसासे मला गडब गावाच्या पुढपर्यंत पुरले.

हायवेचं काम चालू आहे. हे तुम्ही कोणत्या वर्षी वाचताय याने फरक पडत नाही. कोलाडला उजवीकडे वळलं की रोह्याचा रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना भात कापून झालेल्या शेतांत वालाचे वेल. रोह्याच्या पुढच्या एका गावात बाळाराम नावाचे शेतकरी सुहासचा फोन आल्यापासून आमची वाट बघत होते. त्यांचा गोठा आजोबांच्या वेळचा. पनवेलला राहणारा धाकटा भाऊ दत्ताराम तो पाडून दगड विकायच्या मागे लागला होता. गोठा दोघांच्या नावावर आणि दत्ताराम त्याच दुपारी कंत्राटदाराला घेऊन येणार होता. शहरातल्या जाणकाराने चार शब्द सांगितले तर भाऊ ऐकेल, एवढीच बाळारामांची आशा.

आम्ही घरामागे गेलो आणि सुहासने बाहेर काढलेली टेप परत खिशात घातली. गोठ्याला सिमेंटचा ताजा गिलावा केलेला होता. आणि त्या गिलाव्यावर पांढऱ्या रंगाने, पट्टी लावून, चौकोनी दगड काढलेले होते.

"तुम्ही दगडी गोठा बघायला येताव म्हनलात," बाळाराम हौसेने म्हणाले. "जुने दगड वाकडेतिकडे, काळेकुट्ट. पाव्हन्यांम्होरं तसे कसे ठेवायचे? कालच करून घेतला."

सुहासने त्यांना समजावलं. खाली रुंद आणि वर निमुळती होत जाणारी भिंत, बाहेरून बोटभर आणि आतून हातभर रुंद झरोके, गोमूत्र वाहून जावं म्हणून उताराची फरसबंदी, वर पेंढ्याचा माळा. ते वाकडेतिकडे दगडच तर बघायचे होते! बाळारामांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या बायकोला, यमुनाताईंना मात्र वाईट वाटायला वेळ नव्हता. त्यांनी तीन खुरपी आणून टाकली. "मग काढा की. अजून कच्चा हाय."

आम्ही भिंत खरवडायला लागलो. धुळकट दगडावर घाईने फासलेला गिलावा, पोपडे भराभर निघाले. सुहास एकेक दगड ओल्या फडक्याने पुसून फोटो काढत होता, टेप लावून मापं घेत होता. कुंपणाशी अर्धं गाव जमलं. गाडीतून आलेली माणसं गोठ्याची भिंत आपल्या हातांनी उकरतात, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात दत्ताराम कंत्राटदाराला घेऊन आला.

"काय निघतंय?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"काहीच नाही हो, नुसते दगड," सुहास म्हणाला. तो खरं बोलत होता, म्हणूनच कुणाला पटलं नाही. गर्दीत 'हंडा, हंडा' अशी कुजबुज झाली. दत्तारामने भिंतीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग कंत्राटदाराला बाजूला घेतलं. "तुमी निघा. काम रद्द." आणि बाळारामांना बजावलं, "दादा, मी नसताना यातला एक दगड हलवायचा नाय."

"तू पन नाय," बाळारामही तेवढ्याच ठसक्यात म्हणाले.

जेवणात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. यमुनाताईंनी पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी परत निघालो. पाठ धरली होती आणि नखांतलं सिमेंट आठवडाभर निघालं नाही. सुहासने सगळ्या मापांसकट अहवाल लिहून मोठमोठ्या लोकांना पाठवला. उत्तर कुणाचंच नाही. वारसा जपायला कायदे, समित्या आणि व्याख्यानं लागतात असा माझा समज होता. एकमेकांवर भरवसा नसलेले दोन भाऊ पुरतात.

परवा यमुनाताईंना फोन केला.

"गोठा हाय की. भावजी दर रविवारी येतात, दगड जाग्यावर हायत का बघतात. आमचे हे त्यांच्या मागं मागं."

"भांडतात का?"

"नाय गो ताई. बघून झालं की जेवायला बसतात. सासूबाई गेल्यापास्नं दोघं एका पंगतीला बसले नव्हते." मग आवाज खाली आला. "तुम्ही लिहिता ना? आत काय नाय, तेवढं लिहू नका."

ते तर लिहिलं. म्हणून गावाचं नाव गाळलंय. शोधत जाऊ नका.