अंजनाचा रोल

दौंड स्टेशनच्या मागच्या गल्लीत साहेबराव गार्डांइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. दूध आलं की आधी बोट बुडवून बघायचे, किराणावाल्याच्या काट्याखाली वाकून डोकावायचे. कुणी सहज "काय, बरं हाय ना?" विचारलं, तर ह्यानं का विचारलं असेल म्हणून दिवसभर डोक्याला भुंगा! नोकरी मालगाडीवर गार्डाची, दोन-दोन दिवस घराबाहेर. दाराला एक कडी पुरत नाही म्हणून आतून त्यांनी दुसरी, वीतभर लांब लोखंडी कडी बसवून घेतली होती. ती इतकी ताठ की दोन्ही हातांनी ढकलावी लागे.

"दोन्ही लावत जा गं," ते बायकोला बजावायचे.

"अवं, दिवसाढवळ्या कोण येतंय हितं?" अंजना हसायची. पहिलीच कडी लावायची, तीही आठवण झाली तर.

अशा माणसाला शौक कसला असावा, तर स्लाइडचा. स्लाइड म्हणजे कागदावरचा फोटो नव्हे. फिल्मच्याच तुकड्यात रंगीत चित्र उमटतं, उजेडासमोर धरलं की लख्ख दिसतं. एका साहेबांकडे पडद्यावर स्लाइड बघितल्या आणि साहेबराव खुळावले. रोल महाग, धुवायला गावातल्या विनोदच्या फोटो स्टुडिओतून मुंबईला पाठवायचा. म्हणून कॅमेऱ्याला कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. एकदा अंजनानं नुसतं वरचं झाकण पुसलं, तर हे चार दिवस जेवताना बोलले नव्हते.

ब्याण्णव साली एकदा ड्यूटीवरून आले आणि सवयीनं कॅमेरा बघितला. जाताना पाच फोटो झाले होते. आता आकडा तीसवर!

"कॅमेऱ्याला हात लावला व्हतास?"

"न्हाई बा," अंजना भाकरी थापत म्हणाली, पण मान काही वर केली नाही. "मला त्यातलं काय कळतंय?"

झालं. साहेबरावांच्या मनात पाल चुकचुकली. शेजारी पोपटराव राहायचा. लोकोशेडमधला मोकळा गडी, नळावर बायकांशी थट्टा करायचा. आठवड्यापूर्वी अंजना त्याच्या बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसली होती. ह्यांनी हिशेब जुळवून टाकला. पोपटरावनं हिचे फोटो काढले, नाहीतर हिनं त्याचे. रोल काढला आणि ट्रंकेत कुलपात ठेवला. मुंबईला पाठवावा तर परत येणार विनोदच्या स्टुडिओत, विनोद बघणार, आणि मग दौंडभर बोभाटा.

त्याच वर्षी अंजना काविळीनं गेली. शेवटच्या दिवसांत उशाशी बसूनही साहेबराव तिला हेच विचारायचं की नाही, याच्या घोळात होते. विचारलं नाही. तिला माती देऊन आले आणि कॅमेरा गुंडाळून ठेवला. पोपटराव तेव्हापासून रोज कुंपणापलीकडून "जय भीम, साहेबराव" म्हणायचा. अकरा वर्षं ह्यांनी त्याला उत्तर दिलं नाही.

रिटायर झाल्यावर एकदा विनोद म्हणाला, "काका, स्लाइड धुणारं आता मुंबईतबी कमी व्हत चाललेत. तुमचं काही राहिलं असंल तर द्या, पाठवून देतो."

काही राहिलं असंल? ह्याला कुणी सांगितलं? साहेबराव तडक पुण्याला गेले आणि केमिकलच्या बाटल्या, फिल्म धुवायचा बंद डबा, थर्मामीटर, सरावाला दोन नवे रोल, सगळं घेऊन आले. आता परक्याचा डोळा पडायला नको. उजेड लागू नये म्हणून मोरीच्या खिडकीला काळं रेग्झिन ठोकलं. गोधडीत हात घालून चाचपत फिल्म डब्यात गुंडाळायला शिकले. घमेल्यात गरम पाणी ओतायचं, अडतीस अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. पहिला रोल निळाशार निघाला. दुसऱ्यात नदीवरचा रेल्वे पूल असा झळकला की म्हातारा एकटाच "वा रं वा!" म्हणून ओरडला. कितीतरी वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

गल्लीभर उग्र वास. पोपटरावनं विचारलंच, "जय भीम, साहेबराव! हातभट्टी लावली का काय?"

बघा, पाळत ठेवतोय!

मग एका दुपारी त्यांनी दाराच्या दोन्ही कड्या लावल्या आणि तो रोल काढला. गोधडीत चाचपताना फिल्म दोनदा सुटली. धुऊन झाल्यावर दोरीला चिमट्यांनी लटकवली, वाळेपर्यंत तिच्यासमोर उभे राहिले आणि भिंग घेऊन खिडकीशी गेले.

रंग जुनाट, लालसर पडलेले. पहिले पाच त्यांचेच. पुढचे काही काळेठिक्कर, काही पांढरेफट्ट. मग अर्धी घागर. वाळत घातलेलं लुगडं. तिचेच पाय. कोंबडीचं शेपूट. कित्येकांत कोपऱ्यात अंगठा आलेला. पोपटराव कुठंच नाही. शिकत होती बाई, चोरून!

शेवटचा फोटो कपाटाच्या आरशातला. अंजना उभी, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत कॅमेरा. तोंड मात्र कॅमेऱ्यामागं झाकलेलं. साहेबरावांनी भिंग आणखी जवळ नेलं. त्यांनी तिची एकही स्लाइड काढली नव्हती, सगळा रोल गाड्यांवर आणि पुलांवर. पण खोड जाते कुठं? भिंग आरशाच्या कोपऱ्यांवर फिरू लागलं. तिच्यामागं कुणीतरी असणारच!

तिच्यामागं बंद दार होतं. खिडकीतनं भर दुपारचं ऊन त्याच्यावर पडलेलं. पहिली कडी लावलेली. दुसरीही लावलेली, पार शेवटपर्यंत सरकवलेली.

साहेबराव भिंतीला पाठ लावून खाली बसले. आधी हुंदका आला, मग मोठ्यानं रडूच फुटलं.

"साहेबराव! काय झालं? दार उघडा!" बाहेरून पोपटराव थापा मारत होता.

ते धडपडत उठले. ताठ कडी दोन्ही हातांनी ओढली, पण ती सरकेना. पलीकडून पोपटरावनं खांदा लावला, तेव्हा कुठं सरकली.

"माझ्या भ्यानं लावली व्हती, पोपटराव," त्याचा दंड धरून साहेबराव म्हणाले. "तिनं ही कडी माझ्या भ्यानं लावली व्हती."