फोटोतलं कुंकू

मला सिनेमा आवडतो, मालिका त्याहून जास्त आवडतात आणि त्यांच्यावर बोलायला तर सगळ्यात जास्त. शाहूपुरीत एका पंपांच्या दुकानात मी नोकरीला होते. दुपारी डबे उघडले की माझंही तोंड उघडायचं आणि मालक म्हणायचे, "झालं बाईंचं सुरू." मग मी मुद्दाम जास्तच बोलायचे. मालिकेतल्या सासवा एवढे दागिने घालून झोपतात, त्यांना टोचत कसं नाही? त्या घरात कधी पाणी जात नाही का? आणि आमच्यासारखं बोलणारा माणूस पडद्यावर आला की तो गडी तरी असतो नाहीतर गुंड, हे कुणी ठरवलं? राजकारणावरही माझी मतं होती. पुढारी म्हणजे भिकार नट, असं मी ठासून सांगायचे. ते मत मला पुढं बदलावं लागलं.

केबल घरोघरी आल्यानंतरची ही गोष्ट. एका मालिकेनं आमची सगळी पेठ वेडी केली होती. तरुणपणी नवरा गेलेली नायिका, सासरी राबते, सगळ्यांचं ऐकून घेते. घरात टीव्ही असूनही गल्लीतल्या बायका ती मालिका बघायला आमच्याकडं यायच्या, कारण आमच्याकडं आत्ती होती. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचाही नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. गल्ली तिला आक्का म्हणायची. कुणाला कळा सुरू झाल्या की रिक्षात शेजारी आत्ती. कुणाचा नवरा पिऊन मारायला लागला की दारात आत्ती. नळाला पाणी येईना तेव्हा रिकाम्या घागरी घेतलेल्या बायकांना घेऊन ती महापालिकेत जाऊन बसली होती. अर्ध्या गल्लीला नवी पाइपलाइन आली ती त्यामुळं.

मालिकेत एक दिवस सासूनं स्वतःच्या हातानं सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं. आमच्या बाहेरच्या सोप्यात बसलेल्या बायकांचे पदर ओले झाले. समोरच्या घरातली काकू नाक ओढत म्हणाली, "असं सासर मिळायला नशीब लागतंय बघा, आक्का." आत्ती कपबशा गोळा करत होती. "लागतंय की," म्हणाली आणि आत गेली.

त्याच वर्षी निवडणूक आली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. पेठेतले पुढारी, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, स्वतः आमच्या घरी आले. "आक्का, तुमच्याशिवाय हाय कोण? अर्ज भरायची तयारी करा," म्हणाले. आत्ती त्या रात्री जेवली नाही, इतकी ती खूश होती. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतून एक जरीकाठी साडी काढून उन्हात टाकली. मी दुकानात पेढे वाटणार होते, तिनंच थांबवलं.

पंधरवड्यात दादा परत आले. या वेळी चप्पल काढताना त्यांनी फार वेळ घेतला.

"गैरसमज करून घिऊ नका, आक्का. पर बायकांचा वॉर्ड म्हंजे सगळा परचार हळदीकुंकवावर. उमेदवारानं करंडा घेऊन दारोदार फिरायचं. तुमाला ते कसं जमायचं?"

तिकीट त्यांच्या भावजयीला मिळालं, जी तोवर रॉकेलच्या रांगेतही कधी दिसली नव्हती. आत्तीनं साडीची घडी घालून ट्रंकेत ठेवली. ज्या बायका मालिकेतल्या विधवेसाठी रडत होत्या, त्यांनाही दादांचं म्हणणं पटलं होतं. करंड्याचं कसं जमणार, हे त्यांनीही मान हलवून म्हटलं.

आता माझं मत ऐका. पडद्यावरच्या बाईसाठी रडणं हे जगातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. तिला घरात बोलवावं लागत नाही.

प्रचार संपताना दादांनी त्या मालिकेतली नायिकाच आणली. सभेला बायका जमवायला पुन्हा आत्तीच लागली. "तुमच्या शब्दाबिगर बायका भायेर पडत न्हाईत," असं म्हणत दादांचा माणूस आला. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, "उरलेल्या गल्लीची पाइप राहिलीया न्हवं?"

चौकात मांडव होता. बायकांनी खण-नारळ घेऊन रांग लावली आणि त्या नटीची ओटी भरली, जशी काही ती सासरहून आली होती. मग तिनं दादांच्या कानात काहीतरी विचारलं. दादांनी मांडवभर नजर फिरवली आणि माईक घेतला. "आक्का, जरा वर या." खुर्च्या लावत असलेली आत्ती पदराला हात पुसत वर गेली. नटीनं तबकातलं कुंकू घेतलं आणि मालिकेत सासूनं लावलं होतं तसंच आत्तीच्या कपाळाला लावलं. फोटोवाले पुढं धावले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी भिकार नट असतात, हे माझं मत तिथंच मोडलं. समोरची काकू पुन्हा रडली. मला इतका संताप आला की उठून माईक हिसकावून घ्यावा असं वाटलं. आत्ती हात खाली सोडून नुसती उभी होती.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "मऊ हात हाईत बाईचं."

तिनं कुंकू पुसलं नाही. दारात तांदूळ निवडत बसली. शेजारणी येत जात होत्या, पण तिच्याकडं बघत नव्हत्या. शेवटी काकू जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आक्का, आता पुसा की. बघणाऱ्याला बरं दिसत न्हाय." आत्ती उठली, मोरीवर गेली आणि तोंड धुऊन आली.

भावजय निवडून आली. संक्रांतीला तिनं मोठं हळदीकुंकू केलं. आमंत्रण द्यायला आलेल्या पोरीनं दारात माझ्या आईला कुंकू लावलं, आत बसलेल्या आत्तीला नजरेनं ओलांडून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमच्यातल्या सवाष्णींनी यायचं हं."

आई वाण घेऊन आली. प्लास्टिकचा डबा होता. झाकणावर चिकटवलेल्या कागदावर हात जोडलेली नगरसेविका आणि तिच्यामागं मांडवातला तो फोटो. नटीचा हात, कुंकू आणि आत्तीचं कपाळ.

आत्तीनं डबा उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"मी गेलते की गं हळदीकुंकवाला," ती म्हणाली. "झाकणावर बसून."

आईनं डबा तिच्या हातातून घेतला आणि मोरीत नेऊन घासणीनं घासत बसली. कागद निघाला नाही.