ण बाणाचा

कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा मी परभणीत हंगामी ऑपरेटर होते. विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं, आणि कोण कुठल्या वस्तीतून येतं ते चहाच्या कपावरून कळायचं. माझा कप वेगळा होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

सहा मशीन, सहा खिडक्या. जिल्ह्यातल्या रेशनकार्डांच्या नोंदी साहेबांनी गावाच्या पहिल्या अक्षरावरून वाटल्या. क-वर्ग पहिल्या मशीनला, च-वर्ग दुसऱ्याला, ट-वर्ग तिसऱ्याला, असं करत पाचवा प-वर्ग माझ्याकडे. उरलेली अक्षरं सहाव्याला. "सगळ्यांना सारखं. कुणाची तक्रार नको," म्हणाले.

तक्रार आली ती माझीच. दुपारपर्यंत माझ्या खिडकीची रांग जिन्याखाली जायची, नोंद शोधता शोधता मशीन गपगार व्हायचं, आणि तिसऱ्या खिडकीतला सहकारी निवांत नखं कापत बसायचा. साहेबांनी मेमो दिला: 'कामात मंद'. हंगामी लोकांपैकी कुणाला ठेवायचं ते महिनाअखेरीला ठरणार होतं आणि घरात कमावती मी एकटी. "कोट्यातून आले की असंच," हे कुणीतरी मला बरोबर ऐकू येईल इतक्या हळू म्हणालं. तळपायाची आग मस्तकात गेली. याच कचेरीने घेतलेल्या टायपिंगच्या परीक्षेत मी पहिली आले होते!

औरंगाबादहून मेकॅनिक आला. चपला बाहेर काढून आत गेला, डबा उघडून धूळ झटकली, म्हणाला मशीन ठणठणीत आहे. म्हणजे दोष द्यायला उरले मी. मग मी हट्टच धरला, एक दिवस खिडक्या बदला. मला तिसरी, तिथल्या सहकाऱ्याला पाचवी. साहेब हसले, पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी रिकामी बसले होते आणि सहकारी घामाघूम झाला होता. मी उठून त्याच्या रांगेत गेले आणि एकेकाला गाव विचारलं. पहिला पिंपळगावचा. दुसराही. तिसराही.

"सगळे एकाच गावचे का?"

"न्हाई ओ बाई," तिसरे म्हातारबा म्हणाले. "ह्यो जिंतूरकडला, ह्यो पाथरीकडला, मी गंगाखेडकडला. आपल्याकडं पिंपळ दिसला की पिंपळगाव, न्हाईतर पिंपरी. बोरं दिसली की बोरगाव. लय हायत!"

मला आधी हसू आलं, मग दुप्पट राग. तशीच साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"साहेब, ण पासून सुरू होणारं एक गाव सांगा."

साहेब विचारात पडले. त्यांचे ओठ हलले आणि पहिलीतल्या पोरासारखे ते पुटपुटले, "ण... बाणाचा."

"शाळेत बाणाचा शिकवतात, कारण ण पासून काहीच सुरू होत नाही. ते अक्षरही तुम्ही तिसऱ्या मशीनच्या वाट्यात धरलंत. अक्षरं सारखी वाटलीत साहेब, गावं नाही. आणि मंद मी?"

संध्याकाळपर्यंत सगळी पिंपळगावं तिसऱ्या मशीनला गेली. मेमोचं काय, विचारलं तर म्हणाले, "झालं ते झालं. कागद राहू द्या."

मी हलले नाही. मागे दोन क्लार्क आणि शिपाई बघत होते, त्यांना बघू दिलं. शेवटी साहेबांनी लाल पेन घेऊन त्या दोन शब्दांवर रेघ ओढली. माझी नोकरी राहिली.

निवृत्त होताना फाइल हातात आली. रेघ फार बारीक मारली होती त्यांनी. 'कामात मंद' अजून स्वच्छ वाचता येतं.