सात घोड्यांची भिंत

ज्या हाताने देवाचे वाहन रेखावे, त्याच हाताने ते पुसावे लागले, तर त्या हाताचे सांत्वन कोणी करावे? सज्जनहो, ही कथा कसबा पेठेतल्या येसोबा जिनगराची आहे. ऐकताना त्याला हसू नका. हसणारे त्याच्या हयातीत पुष्कळ झाले.

जिनगर म्हणजे घोड्याचे खोगीर शिवणारा. परंतु पुण्याचे जिनगर भिंतीही रंगवीत. ज्याने जन्मभर घोड्याची पाठ आपल्या तळहाताने मापली, त्याच्या कुंचल्यातून घोडा चुकावा कसा? येसोबाचे वडील सटवोजी यांनी नारायण पेठेत, आप्पासाहेब सरदारांच्या दिवाणखान्यात, पश्चिमेच्या भिंतीवर सात घोडे रेखाटले होते. आप्पासाहेबांच्या आजोबांच्या पथकातले हे सात घोडे पानपतावर गेले आणि परतले नाहीत. स्वारही परतले नाहीत. खोगिरे सटवोजींच्या हातची. म्हणून प्रत्येक घोड्याचा रंग, प्रत्येकाच्या मानेवरचा भोवरा त्यांना पाठ होता. भिंतीवर सातही घोडे रिकाम्या पाठीने उभे होते, मान वळवून, जणू कोणी हाक मारील म्हणून.

त्या घराण्याची एक रीत होती. घोड्याचे सर्वांग रंगवून झाले तरी डोळा काढायचा नाही. उपवास करायचा, स्नान करायचे, मल्हारी मार्तंडाचे नाव घ्यायचे, आणि मग एका टिंबाने डोळा उघडायचा. डोळा उघडला की घोडा पाहू लागतो. मग त्याच्यासमोर खोटे बोलू नये. दर खंडेनवमीला पागेतल्या घोड्यांची पूजा आटोपली की येसोबा ताट घेऊन दिवाणखान्यात जाई, त्या सातांना हळदकुंकू वाही आणि उडालेला रंग भरी. त्याला मूलबाळ नव्हते. जे होते ते त्या भिंतीवर होते.

मग पुण्यात नवी हौस आली. संगमावर साहेबांचे बंगले उठले, आणि सरदारांना आपले दिवाणखाने जुने दिसू लागले. आप्पासाहेबांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून वीस विलायती तसबिरी मागवल्या. काळ्या शाईच्या, छापील. काहींत शर्यतीचे घोडे. काहींत समुद्रापलीकडच्या कुठल्या मुलखात जाऊन वसलेल्या गोऱ्यांचा संसार. दसऱ्यापूर्वी इंग्रजांच्या कंपूतला, छावणीतला, एक कप्तान जेवायला येणार होता. त्याआधी चारही भिंती पांढऱ्या करून तसबिरी टांगायच्या होत्या.

येसोबाने आप्पासाहेबांचे पाय धरले. "सरकार, तीन भिंती दुधासारख्या करतो. पश्चिमेची राहू द्या."

"अरे, साहेब विचारील, ही रंगवलेली शिंगरे कसली. काय सांगू?"

"आपल्या आजोबांचे सांगा."

आप्पासाहेबांनी एकवार पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिले. मग म्हणाले, "ठीक. तसबिरी अशा लाव की कप्तान खूश झाला पाहिजे. झाला, तर तुझी भिंत राहिली. नाही झाला, तर चुना."

येसोबा कामाला बसला. चिंचोक्याची खळ शिजवून तो एकेक तसबीर कापडावर चिकटवी आणि चौकटीत बसवी. कारभारी श्रीनिवासपंत देखरेखीला. एका तसबिरीत जंगल तोडून केलेले शेत होते, ओंडक्यांचे घर, दारात टोपीवाली बाई, कुंपणाशी घोडागाडी; आणि अगदी कडेला, झाडाखाली, उघड्या अंगाचा एक सावळा माणूस रिकाम्या हाताने उभा.

"पंत, हा कोण?"

"जागेचा मूळ मालक असेल. कागदावर जागा उरली, म्हणून उभा केला."

येसोबा हसला नाही. पुढची तसबीर घोड्याची निघाली, आणि त्याने ती उजेडाकडे धरली. घोडा उमदा, परंतु शेपूट वीतभर. दुसरा तसाच. घोड्यांच्या तसबिरी पाच; पाचही घोडे तसेच. ज्याच्या शेपटीला धक्का लागला त्या घोड्याला पुण्याच्या पागेत कोणी उभा करीत नसे. आणि माश्या बसल्या तर त्या मुक्या जिवाने करावे काय? येसोबाच्या मनाने घेतले की काम अर्धवट आहे. रेघा विलायतेत ओढल्या. रंग आणि शेपट्या इथल्या चिताऱ्यासाठी ठेवल्या. सटवोजी रेघा ओढीत आणि येसोबा रंग भरी. त्याच्या घरी चित्र असेच पुरे होत असे. हेही पुरे करायचे म्हणून त्याने उपवास धरला.

घरी बायकोने, मैनाने, उपवासाचे कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले.

"अहो, आधी वाड्यात विचारून तरी घ्या."

"जखमेला पट्टी बांधताना परवानगी मागतात होय?"

"जखम कोणाची ते तरी बघा," मैना म्हणाली. तो कुंचले धूत होता.

पाच घोड्यांना त्याने शेपट्या दिल्या. घोट्यापर्यंत आलेल्या, वाऱ्यावर उडणाऱ्या, केस न् केस वेगळा. अंगावर रंग चढवले, मानेवर शुभ भोवरा काढला. माउलीने लेकराची वेणी घालावी तशा प्रेमाने केले हो ते काम! वर काच बसवली, तसबिरी टांगल्या, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

कप्तान आला. पहिल्या घोड्यासमोर थांबला, दुसऱ्यासमोर वाकला, आणि हसू लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. दुभाष्याने सांगितले: साहेब म्हणतात, हे आमच्या मुलखातले नामांकित घोडे, शेपूट कापणे ही आमची रीत. आता हे नवरीच्या वरातीतले दिसतात. कप्तानाच्या मनात राग नव्हता. जेवण त्याला आवडले. परंतु भरल्या दिवाणखान्यात यजमानांचे हसे झाले, ते आप्पासाहेबांना गिळवले नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी एवढेच म्हटले, "पंत, पश्चिमेची भिंत. खरवडून काढा."

येसोबाने हात जोडले. "खरवडू नका, सरकार. मी झाकतो. माझ्याच हाताने झाकतो."

त्याने उपवास केला, स्नान केले, मल्हारीचे नाव घेतले. चुन्यात बोट बुडवून त्याने आधी सातही डोळे मिटवले, एकेक करून, कारण पुढचे त्यांनी पाहू नये. मग कुंचला फिरवला. तीन हात दिले. संध्याकाळी भिंत अशी पांढरी झाली, की तिथे कधी काही होते हे सांगणारा तो एकटाच उरला.

चुना वाळल्यावर पंतांनी ओंडक्यांच्या घराची तसबीर पुढे केली आणि भिंतीच्या मधोमध बोट ठेवले. "खिळा इथे."

"तिथे नको, पंत. चार बोटे डावीकडे."

"का? मध्य इथेच आहे."

"तिथे डोळा आहे."

पंतांनी भिंतीवरचे बोट उचलले. ते म्हणाले, "मारा, डावीकडे मारा."

येसोबाने खिळा मारला, तसबीर लावली, आणि त्या वाड्याची पायरी तो पुन्हा चढला नाही. त्या खंडेनवमीला मैनाने ताट तयार केले. ते दारात तसेच राहिले. पुढे त्याने खोगिरे शिवली, घोडा काढला नाही. मैनाला एकदाच म्हणाला, "पाच घोड्यांना शेपट्या दिल्या. त्या कडेच्या माणसाला मात्र मी काहीच दिले नाही."

तसबीर लावली त्याच्या दोन दिवसांनी आप्पासाहेबांना ती बाजूला सरकलेली दिसली होती. त्यांनी नोकराकडून तो खिळा उपटवला आणि बरोबर मध्ये ठोकवला. तो ठोका कसब्यापर्यंत ऐकू गेला नाही. देवाने येसोबावर दया केली ती एवढीच.