नागपूरला कोण गेलं होतं

दुर्गव्वा कांबळे हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानडी, मराठी, हिंदीत ती इतक्या गोड आवाजात 'जरा थांबा' म्हणायची, की सगळा राग घरासाठी शिल्लक राहतो, असं तिचा नवरा म्हणे.

तिचे वडील बाळाप्पा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पण वस्तीत त्यांचा मान मोठा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला वस्तीतला पहिला माणूस. दरवर्षी दसऱ्याला ते उभे राहून सांगायचे: पांढरी लुगडी, पांढरे सदरे, नजर पोचेल तिथवर माणसं. "बायको आणि सहा महिन्यांचं लेकरू तिच्या माहेरी ठेवून मी निघालो," असं ते म्हणाले की सगळे दुर्गव्वाकडे बघायचे. ते लेकरू ती होती. तिची मान ताठ व्हायची.

त्र्याहत्तर साली ती कॉलेजआधीची पी.यू.सी. परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली. नागपूरला एक नातेवाईक तिला कॉलेजसाठी ठेवून घ्यायला तयार होते. बाळाप्पा म्हणाले, "बाईमाणसानं एवढ्या लांब जायचं नसतं. ती वाट मी बघितलीय." आई भीमाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं मान वळवली नाही. दुर्गव्वानं ते मानलं आणि एक्स्चेंजचा अर्ज भरला.

सत्याऐंशीला बाळाप्पा वारले. एक्क्याण्णवला विहाराशेजारी सभागृह उभं राहिलं आणि त्याला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. धाकटा भाऊ सिद्राम समितीचा सेक्रेटरी होता.

नाव देण्याच्या कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पारूबाई आली. ती भीमाबाईची जुनी मैत्रीण, दोघी जिनिंगमध्ये बरोबरच्या. छप्पन साल सरायच्या आतच ती बेळगावला राहायला गेली. आता डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली होती आणि जुन्या हुबळीत दुर्गव्वाकडे उतरली होती. तिला दिसत नव्हतं म्हणून दुर्गव्वानं कार्यक्रमाची पत्रिका वाचून दाखवली: नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेले वस्तीतले पहिले, बाळाप्पा.

"काय वाचलीस? परत वाच बघू."

तिनं परत वाचलं.

"बाळाप्पा कुठं गेलता नागपूरला? तो सोलापुरात उतरला की!"

दुर्गव्वाला थट्टा वाटली. पारूबाई मात्र सांगत गेली. सोलापूरच्या फलाटावर बाळाप्पाला जिनिंगचा मुकादम दिसला. मालकानं आधीच दम दिला होता, दीक्षेला जाणाऱ्याला काम नाही. बाळाप्पा म्हणाला, परत जाऊ. भीमाबाई म्हणाली, "तुम्ही जावा. मी जाणार." तो बहिणीकडे सोलापुरात राहिला. ती आणि पारू पुढं गेल्या.

"आणि तू तिच्या काखेत. गाडीभर रडलीस बघ."

"मी?"

"मग? अंगावर पिणारं पोर घरी कोण ठेवतंय?"

दुर्गव्वानं चपला घातल्या आणि तडक सिद्रामचं घर गाठलं. भीमाबाई भाजी निवडत होती.

"अव्वा, नागपूरला कोण गेलं होतं?"

भीमाबाईची बोटं थांबली. "पारू आली काय?"

"कोण गेलं होतं?"

"मी, पारू. आणि तू." हातातली काडी मोडत ती म्हणाली, "येताना त्यांना सोलापुरातनं घेतलं. हुबळीत लोक हार घेऊन उभे. त्यांना वाटलं, मला माहेरनं घेऊन आलेत. पहिला हार ह्यांच्या गळ्यात पडला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय बोलू? लाजेनं मेले असते."

"ते सोड. त्र्याहत्तर साली काय झालं होतं तुला? मला काखेत घेऊन तू तिथवर गेलीस, आणि ते बाईमाणसानं जायचं नसतं म्हणाले तेव्हा चुलीत फुंकत बसलीस!"

"बोलले असते तर सगळं बाहेर आलं असतं."

"यायला पाहिजे होतं!" दुर्गव्वानं भाजीचं ताट उचलून भिंतीवर मारलं.

आवाज ऐकून सिद्राम बाहेर आला. सगळं ऐकून त्यानं हात जोडले. "अक्का, पत्रिका वाटून झाल्यात. मेलेल्या माणसाची अब्रू काढून तुला काय मिळणार?"

"मला काही नको. त्यांना जे मिळालंय ते त्यांचं नव्हतं."

कार्यक्रमाला सिद्रामचं भाषण संपताच ती वर गेली आणि तिनं माईक ओढून घेतला. जे ऐकलं होतं ते चार वाक्यांत सांगितलं. मागून कोणीतरी ओरडलं, "खाली बस! बापाला खोटं पाडतीस?" तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधलेली पारूबाई उठली. "खोटं असलं तर मला सांगा. मी त्याच डब्यात होते."

पुढच्या रांगेतून भीमाबाई उठली आणि लेकीकडे न बघता निघून गेली.

समितीच्या तीन बैठका झाल्या. शेवटी पाटीवर आलं, 'बाळाप्पा व भीमाबाई सभागृह'. वडिलांचं नाव काढा म्हणून दुर्गव्वा भांडली, हरली, आणि त्या सभागृहाची पायरी कधी चढली नाही. सिद्रामनं बोलणं टाकलं. भीमाबाई वर्षभर दुर्गव्वाकडे आली नाही. मग एका सकाळी कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली आणि मरेपर्यंत तिथंच राहिली.

भाकऱ्या थापता थापता ती कधी आपणहून सांगायची, डब्यात पाणी कोणी दिलं, मैदानावर दुर्गव्वाचं दुपटं कसं हरवलं. दुर्गव्वा ऐकायची. मग त्र्याहत्तर सालाबद्दल विचारायची.

"तेवढं सोडून विचार," भीमाबाई म्हणायची.

आणि दोघींचं भांडण पुन्हा सुरू व्हायचं.